गुन्हेशास्त्रातलं आमचं प्रकरण

सांगलीत गुन्हेशास्त्राचा पदविका वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिल्याच तुकडीत मी नाव घातलं. वर्ग संध्याकाळी भरायचा. निम्मे विद्यार्थी पोलीस खात्यातले, बढतीवर डोळा ठेवून आलेले. काही वकील होते. बाकीचे नुसतेच पदवीधर, नोकरी लागेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून बसलेले. मी साताऱ्याला बी.एस्सी. करून आलो होतो आणि मला ठसेतज्ज्ञ व्हायचं होतं. दिवसा एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या वखारीत मी पोती मोजून घ्यायचो. वर्गात येताना हात कितीही घासले तरी बोटांच्या रेषांत पिवळं राहायचंच.

माझ्या जातीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच मनाशी काहीतरी ठरवून मोकळा होतो, आणि तेवढी मुभा मला कुणाला द्यायची नाही. एवढं सांगतो की इंग्रजांनी कायदा करून आमची अख्खी जात गुन्हेगार ठरवली होती. माझ्या आजोबांना रोज संध्याकाळी चावडीवर हजेरी द्यावी लागायची. पाहुण्याच्या गावी जायचं तरी पाटलाची चिठ्ठी लागायची. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला, सरकारनं आम्हाला विमुक्त म्हटलं. आमच्या ठाण्यापर्यंत ती बातमी बहुतेक पोचलीच नाही.

ठसेतज्ज्ञच का व्हायचं होतं, ते आधी सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या गोदामावर राखणीला होते. मी साताऱ्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना कारखान्याच्या कचेरीतलं कपाट फुटलं आणि पगाराची रक्कम गेली. कचेरी आणि गोदाम यांच्यामध्ये उसाच्या गाड्या उभ्या राहायचं सगळं मैदान. आबांचा त्या कचेरीशी संबंध एवढाच की महिन्याच्या महिन्याला तिथं अंगठा उठवून ते पगार घ्यायचे. पण फौजदारानं कामगारांची नावं वाचली, आमच्या नावावर बोट ठेवलं, आणि आबांना जीपमध्ये घातलं. दुसऱ्या कुणालाही त्या दिवशी काही विचारलं नाही.

मला निरोप मिळाला तो आमच्याच गावच्या एका ट्रकवाल्याकडून. मी एस.टी.नं ठाण्यावर पोचलो तेव्हा आई दारातल्या लिंबाखाली बसली होती. तिनं डबा आणला होता आणि तो आत जाऊ देत नव्हते. आतून आवाज येत होता. आई म्हणाली, "तुझ्या आबाचा न्हाई त्यो." आवाज आबांचाच होता. दोघांनाही ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी एक साधा, सडपातळ माणूस हातात पेटी घेऊन जीपमधून उतरला. बोटांचे ठसे बघणारा साहेब आहे, असं कुणीतरी म्हणालं. कपाटाच्या काचेवर त्यानं म्हणे ब्रशनं काळी पूड फिरवली आणि ठशांचे फोटो घेतले. मग ठाण्यात येऊन आबांना बाहेर आणायला सांगितलं. आबांना दोघांनी धरून आणलं. त्यांचा पाय टेकत नव्हता. त्या माणसानं त्यांना आधी खुर्चीवर बसवलं. शाई लावताना एकेक बोट असं हलक्या हातानं धरलं, की ठाण्यात आबांच्या अंगाला कुणीतरी इतक्या हलक्या हातानं शिवतंय हे बघूनच मला रडू फुटलं. भिंगातून बघून तो फौजदाराला म्हणाला, "काचेवर शंख आहे. यांच्या दहाही बोटांवर चक्रं आहेत. हे यांचं काम नाही."

फौजदार म्हणाला, "हात दुसऱ्याचा असेल, टीप यानं दिली असेल."

"ते तुमचं तुम्ही बघा," तो माणूस म्हणाला. "काच काय सांगते ते मी सांगितलं."

मग कचेरीतल्या सगळ्यांचे ठसे घेतले गेले, आणि महिन्याभरानं निकाल आला. ठसा कॅशियरच्या हाताखालच्या एका कारकुनाचा निघाला. पंचक्रोशीत मान असलेल्या घरातला पोरगा. त्याच्या घरच्यांनी रक्कम आणून भरली, संचालक मंडळींची बैठक झाली आणि प्रकरण आपापसात मिटलं. गुन्हा दाखलच केला नाही. पोराचं आयुष्य बरबाद होईल, असं म्हणाले. आबांना त्याआधीच सोडलं होतं. सोडलं म्हणजे फौजदारानं "जा" म्हटलं. चूक झाली, असं कुणी म्हटलं नाही. कारखान्यानं त्यांना पुन्हा कामावरही घेतलं नाही, का तर कामगारांत उगाच चर्चा होते. त्या कारकुनाला मात्र ऊस विभागात बदली मिळाली. आबांची उजवी टाच पुढं कधीच नीट टेकली नाही.

शेजारपाजारच्या बायका आईला म्हणायच्या की दहाही बोटांवर चक्रं असलेला माणूस राजा होतो. आई ते ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची. मी मात्र त्या पेटीवाल्या माणसाला विसरू शकलो नाही. माझ्या उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्यात कुणीतरी पहिल्यांदाच आमच्याबद्दल खरं बोललं होतं, आणि ते दया येऊन नव्हे, तर काचेवर तसं दिसलं म्हणून. मला ते काम हवं होतं. घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं माझं.

म्हणून सांगलीचा तो वर्ग. पहिले काही महिने मी इतका खूश होतो की खानावळीतली पातळ आमटीसुद्धा चांगली लागायची. रसायनशास्त्राचे एक सर रक्ताचा डाग आणि पानाचा डाग वेगळा कसा ओळखायचा ते दाखवायचे. चिखलातल्या पावलाचा प्लॅस्टरचा साचा आम्ही मागच्या अंगणात घेतला. ठशांच्या तासाला तर सर माझी वही सगळ्या वर्गात फिरवायचे. रेषा कुठं फुटते, कुठं थांबते, कुठं बेट तयार करते, हे मला इतरांच्या आधी दिसायचं.

माझ्या शेजारी एक तरुण फौजदार बसायचा. वाळव्याकडचा, ऊसवाल्या घरातला, मोठा भाऊ सैन्यात. मनानं मोकळा. त्याला रसायनशास्त्र जमायचं नाही, ते मी समजावून सांगायचो. कायद्याची कलमं तो मला सांगायचा. वर्ग सुटला की आम्ही चहाला जायचो. त्यानं जात विचारली नव्हती, मी सांगितली नव्हती. आमच्या ठाण्याबाहेरच्या माणसाला आडनावावरून ती कळत नव्हती.

गुन्ह्यांची कारणं हा विषय शिकवायला एक निवृत्त पोलीस अधिकारी यायचे. उंच, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आवाज खणखणीत. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, आज जन्मजात गुन्हेगार जमाती. मग एकेका जमातीचं नाव घेऊन ते वाचू लागले. ही दरोडे घालते, ही खिसे कापते, ही खोटी नाणी पाडते. तिसरं की चौथं नाव आमचं होतं.

वाचता वाचता ते मध्येच थांबून स्वतःच्या नोकरीतले किस्से सांगायचे आणि वर्ग हसायचा. आमच्यावर पुस्तकात पान-दीड पान होतं. आमचे लोक दिसायला कसे, डोळे कसे, रात्री चालतात कसे. बायका खोटं बोलण्यात पटाईत. आणि पुढं एक वाक्य होतं, की या जमातीत पोरांना लहानपणापासून मार सोसायची सवय लावतात, त्यामुळं तपासात साध्या मारानं यांच्याकडून काही निघत नाही. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे, असं म्हणाले. वर्गातल्या पोलिसांनी ते उतरून घेतलं. माझ्या शेजारच्यानंही घेतलं.

मी उभा राहिलो. कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.

"सर, हे तुम्ही वाचताय ती माझी जात आहे."

पुढच्या बाकांवरचे वळून बघू लागले. सरांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. समजुतीच्या सुरात म्हणाले, "बसा. मनाला लावून घेऊ नका. हे शास्त्र आहे."

"शास्त्र असेल तर पुरावा काय, सर?"

"माझी अख्खी नोकरी हा पुरावा आहे. किती जणांना मी स्वतः धरलंय."

मी म्हणालो, "चोरी झाली की तुम्ही आमच्याच वस्तीवर येत होता. दुसऱ्या कुणाच्या घरी गेलाच नाहीत, तर दुसरं कोण सापडणार?"

मागून कुणीतरी हसलं. सरांनी पुस्तक मिटलं आणि जे बोलले ते मला आजही शब्दन्शब्द आठवतं. म्हणाले, "तुम्ही स्वतः शिकलात, सुधारलात. तुम्ही अपवाद आहात. त्याचा अभिमान बाळगा."

अपवाद! म्हणजे माझे आबा नियम. लिंबाखाली डबा घेऊन बसलेली माझी आई नियम. पुढं आणखी काही बोललो असतो, पण शेजारच्यानं माझा सदरा धरून खाली ओढलं आणि मी बसलो.

त्या संध्याकाळीही आम्ही चहाला गेलो. तो म्हणाला, "गड्या, तू कवा सांगितलं न्हाईस." मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस. मग वातावरण हलकं करावं म्हणून असेल, खिशावर हात ठेवून म्हणाला, "म्हंजी आता पाकीट जपाय पायजे." आणि हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मनात काही नसताना माणसाच्या तोंडून असं सहज निघतं, याचाच मला जास्त संताप आला. मी चहा तसाच ठेवून उठलो. त्यानंतर आम्ही एका बाकावर बसलो, वह्या बदलल्या, पण पुन्हा चहाला गेलो नाही.

वर्षअखेर परीक्षा झाली. सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रश्न आलाच, आणि तो सोडवणं सक्तीचं होतं. कोणत्याही एका गुन्हेगार जमातीची लक्षणं व गुन्हापद्धती लिहा. मी बराच वेळ नुसता बसून होतो. मग लिहायला घेतलं, थेट पुस्तकाच्या भाषेत. लिहिलं की या जमातीचे लोक गोरेगोमटे व नीटनेटके असतात. सकाळी दहाला कचेरीत येतात. कपाटं ते आतल्या माहितीनं आणि दिवसाउजेडी हेरतात. पकडले गेल्यास वडीलधारी मंडळी रक्कम भरतात व बैठक घेतात. यांच्या पोरांना लहानपणापासून मार न खाण्याची सवय असते, त्यामुळं तपासात यांना कुणी हात लावत नाही. यांच्या जागी मार खाण्यासाठी दुसरी जमात राखून ठेवलेली असते. चार पानं लिहिली. अक्षर चांगलं आलं.

त्या प्रश्नाला मला शून्य मिळालं. ठशांच्या आणि रसायनशास्त्राच्या विषयांत मी वर्गात पहिला होतो, म्हणून एकूण पास झालो. ते उत्तर लिहिल्याचा मला एका क्षणापुरताही पस्तावा झालेला नाही.

पुढं ठसे विभागात जागा निघाल्या. मी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं. तिथं त्यांनी समोर ठशांच्या जोड्या टाकल्या, मी त्या भराभर जुळवून दिल्या. एक साहेब दुसऱ्याकडे बघून मान हलवत होते. निघताना म्हणाले, आता फक्त तुमच्या ठाण्याकडून चारित्र्याची चौकशी येईल, ती आली की झालं. मी बाहेर येऊन पेढे घेतले. आईनं ते सगळ्या वस्तीत वाटले.

चौकशीला घरी आला तो माझाच बाकावरचा मित्र. आमच्या ठाण्यावर त्याची बदली झाली होती, हे मला माहीत नव्हतं. मोटारसायकल वस्तीच्या तोंडाशी थांबली तशी पोरं घरात पळाली. तो आत आला, आईनं दिलेलं पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या आबांची नोंद हाय ठाण्यात. संशयित म्हणून धरल्याची. मला ती लिवावी लागंल."

मी म्हणालो की त्यांना सोडलं होतं. ठसा त्यांचा नव्हता, हे तुमच्याच खात्याच्या माणसानं सांगितलं होतं.

"धरल्याची नोंद हाय," तो म्हणाला. "सोडल्याची न्हाई."

"मग तो कारकून? त्याची असेल ना?"

"त्याच्यावर गुन्हाच दाखल न्हाई. मग त्याचं नाव येणार कुठनं?"

म्हणजे त्या चोरीचं सरकारदरबारी उरलं होतं ते एकच नाव, माझ्या आबांचं. ज्यानं चोरी केली त्याचं कुठंच काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू ठशांचा विषय शिकलास, माझ्याशेजारी बसून शिकलास, तुला खरं काय ते माहीत आहे, तेवढं लिही. तो म्हणाला की त्याला नोंद बघून लिहायचं असतं, माहीत असलेलं लिहायचं नसतं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, नोकरी नवी आहे, गड्या.

त्या नोंदीवर माझी निवड अडली, म्हणून मी साताऱ्याला जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत खेटे घातले. तिथं मला बाकावर बसवून ठेवायचे. शेवटी एका साहेबांनी आत घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, झालेल्या नोंदी आम्ही खोडत नाही. मी म्हटलं, खोडू नका, पुढं एक ओळ घाला, निर्दोष म्हणून सोडलं. ते म्हणाले, निर्दोष कोर्ट ठरवतं आणि तुमचे वडील तर कोर्टात गेलेच नव्हते. आणि मग मला सल्ला दिला की मी शिक्षकी पत्करावी, ती चांगली नोकरी असते.

घरी आलो आणि सगळा राग आबांवर काढला. म्हटलं, तुम्ही तेव्हा गप्प का बसलात? ओरडला का नाहीत, कुणाकडे गेला का नाहीत? कारखान्याच्या दारात जाऊन का बसला नाहीत? आबा दावं वळत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला राग येत न्हाई असं वाटतंय व्हय रं तुला? लय येतोय. पर आमी रागावलो की त्यांनी लिवलेलं खरं ठरतंय. तुमच्यातला कुनी रागावला की त्याला मानी म्हनत्यात."

'तुमच्यातला' म्हणाले ते. शिकलेल्यांतला. पँट घालणाऱ्यांतला. मला त्यांनी नकळत पलीकडे बसवलं होतं. मी बाहेर जाऊन धोंडीवर बसलो.

शिक्षकी मी पत्करली नाही. हळदीच्या वखारीतच राहिलो आणि सांगलीत कायद्याच्या पदवीला बसलो. सरकारी बाजूनं ठसे बघू देत नाहीत, तर आरोपीच्या बाजूनं बघेन, एवढंच डोक्यात होतं. काही वर्षांनी अंगावर काळा कोट आला. एका जुन्या फौजदारी वकिलांच्या हाताखाली मी काम करू लागलो. ठशाचा किंवा पावलाच्या साच्याचा मामला आला की ते माझ्याकडे सरकवायचे.

कवठे महांकाळकडच्या एका मेंढपाळाचा खटला मी पहिल्यांदा एकट्यानं चालवला. घरफोडीचा आरोप होता, पुरावा म्हणून पोलिसांनी पावलाचा साचा आणला होता. उलटतपासणीत मी तपासणाऱ्याला विचारलं, साचा कशाचा केला. तो म्हणाला, प्लॅस्टरचा. पाऊल कशात उमटलं होतं, विचारलं. तो म्हणाला, अंगणात, फरशीवर. मी पंचनामा हातात घेऊन पुन्हा विचारलं आणि त्यानं पुन्हा फरशीच सांगितली. फरशीवरच्या पावलाचा साचा निघत नसतो, हे त्याला अजून कळलं नव्हतं. पाऊल त्यांनी ठाण्याच्या मागच्या मातीत उमटवून घेतलं होतं, त्या माणसाला तिथं उभं करून. मेंढपाळ सुटला. पावसाळा संपायच्या आत त्याला दुसऱ्या एका चोरीसाठी पुन्हा धरून नेलं.

पुढं एकदा आबा मला कोर्टात बघायला आले. मीच आग्रह केला होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मागच्या बाकावर कडेला बसले. मी उलटतपासणीला उभा राहिलो. एक हवालदार कागद घेऊन आत आला, तसे आबा ताडकन उभे राहिले, हात पुढं जोडून. तो कागद देऊन गेला, तेव्हा बसले. थोड्या वेळानं दुसरा आला. आबा पुन्हा उभे. साक्षीदार पोलीस होता, आरोपीबरोबर पोलीस होते, दारात पोलीस होता. आबा सारखे उठत होते आणि ती टाच सावरत बसत होते. लोक बघू लागले.

मी प्रश्न अर्धवट सोडून मागं गेलो आणि हळूच म्हणालो, "आबा, बसा. हितं उठावं लागत न्हाई."

ते म्हणाले, "तू तुझं काम कर."

त्या दिवशी माझी उलटतपासणी बिघडली. आवाज खाली येईना. त्या साक्षीदारानं आमचं काही वाईट केलं नव्हतं. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. मॅजिस्ट्रेटांनी दोनदा सांगितलं, वकीलसाहेब, सबुरीनं घ्या. मी हो म्हणालो आणि पुढचा प्रश्न आणखी मोठ्यानं विचारला.